-एन नाव बघतो, -यू घड्याळ बघतो

शिमगा झाला की चिपळूणच्या आमच्या स्टुडिओत तीन कॅमेऱ्यांतले पालखीचे फोटो एकाच हार्डडिस्कवर ओतायचे असतात. मशीन लिनक्सचं, म्हणून काम फाईली कॉपी करणाऱ्या 'सीपी' (cp) कमांडचं. नुसती सीपी चालवली, तर त्याच नावाची जुनी फाईल न विचारता जाते आणि तिच्या जागी नवी बसते. म्हणून कुणी तिला -एन (-n) हा पर्याय लावतं, कुणी -यू (-u). दोन्ही जुन्याला सांभाळतात, असा समज. घोळ तिथेच.

-एन फक्त नाव बघतो. त्या नावाची फाईल तिकडे दिसली की पुढे सरकतो, आत काही का असेना. -यू नाव सापडल्यावर तारीख-वेळ ताडतो, आणि इकडची फाईल नवी निघाली तर तिकडची खुशाल पुसतो.

आता कॅमेरा फोटोंना चार आकडी नंबर देतो. 9999 झाले की पुन्हा 0001. समजा, गेल्या वर्षीचा 0412 म्हणजे सहाणेवरची पालखी आणि यंदाचा 0412 म्हणजे होम. -एन लावलात तर होम डिस्कवर येतच नाही, आणि बहुतेक आवृत्त्यांत तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. -यू लावलात तर पालखी गेली. त्यातल्या त्यात -एन बरा. फोटो निदान कार्डात असतो. कार्ड फॉरमॅट करेपर्यंत. (मी केलंय.) अशा वेळी -एनऐवजी '--बॅकअप=नंबर्ड' (--backup=numbered) लावावं, म्हणजे जुनी फाईल नंबर लागून बाजूला राहते.

अल्बमच्या डिझाईनला मात्र -यूच हवा. ती फाईल रोज बदलते. -एन पहिल्या दिवशीचीच कवटाळून बसेल.

आणि लाईट गेली तर? कॉपी अर्ध्यावर, डिस्कवर अर्धवट फाईल. पुन्हा कमांड दिली की -एन म्हणतो, नाव आहे. -यू म्हणतो, तिकडचीच नवी आहे, कारण अर्धवट फाईलवर आत्ताची वेळ पडलेली, फोटो कालचा. दोघेही तिला सोडून देतात. 'आरसिंक' (rsync) हा कॉपीचा दुसरा प्रोग्राम तसं करत नाही: फाईल पूर्ण उतरेपर्यंत तात्पुरत्या नावाने लिहितो, आणि एरवीही वेळेबरोबर आकार ताडतो. इन्व्हर्टर आहे, तरी जून लागला की मी सीपीला हात लावत नाही.