कामाच्या बुटाला हील किती असावी, आणि ती आली कुठून

सेफ्टी शूज घेताना नंबर विचारला जातो, टो स्टीलचा आहे का ते बघितलं जातं, भाव केला जातो. हीलची उंची सहसा कोणी विचारत नाही. आठ-दहा तासांच्या पाळीनंतर चवडा जळजळतो, पोटऱ्या ताठ होतात, कंबर धरते, तेव्हा त्यात हीलचा वाटा अनेकदा असतो. पाऊल कशावर ठेवायचं आहे, यावरून प्रत्येक धंद्याने आपापली हील ठरवली. हा हिशेब कळला की बूट निवडणं सोपं होतं.

सुरुवात घोड्यापासून. इराणी स्वार हीलचे जोडे घालत ते रिकिबीसाठी. दौडत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडायचा, तर पाऊल पुढे घसरून अडकता कामा नये. हीलची पुढची उभी कड रिकिबीला टेकते आणि पाऊल जागच्या जागी राहतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही हील युरोपातल्या सरदारांनी उचलली आणि तिथे ती दिमाखाची वस्तू झाली. पण तिचं मूळ काम टिकून राहिलं. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर टेक्सासमधून कॅन्ससकडे गुरांचे कळप हाकणाऱ्यांच्या बुटांना दीड ते दोन इंच उंच, खाली निमुळती आणि आत झुकलेली हील होती. हे लोक दिवसभर खोगिरावर असत, पायी फार कमी चालत. आज तोच बूट घालून गोदामात फिरणारा माणूस तक्रार करतो तेव्हा दोष बुटाचा नसतो.

उंच हीलचं दुसरं घराणं लाकूडतोड्यांचं. अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलांत साधारण दोन इंची हीलचा, पोटरीपर्यंत लेस बांधायचा बूट रुळला. उतारावरून खाली येताना ही हील मातीत रुतते आणि माणूस घसरत नाही. झाडावर किंवा तारेच्या खांबावर चढायचं असेल तर पायाला लोखंडी काटे बांधतात. त्यांची पट्टी चवडा आणि टाच यांच्या मधल्या कमानीखाली बसते आणि सगळं वजन तिच्यावर येतं. तिथे सोलच्या पोटात शँक, म्हणजे स्टीलची किंवा जाड चामड्याची पट्टी नसेल, तर तासाभरात पाऊल मोडल्यासारखं दुखतं. हीलची पुढची कड ती लोखंडी पट्टी मागे सरकू देत नाही. रानातल्या वणव्यांशी झुंजणारे अमेरिकी जवान आजही याच घराण्यातले बूट घालतात: किमान आठ इंच उंचीचं चामडं आणि खोल खाचांचा रबरी सोल. खाचांचा हा सोल इटलीच्या विताले ब्रामानी यांचा. 1935 मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक दगावल्यानंतर त्यांनी त्यावर काम सुरू केलं, आणि व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावावरून आलं.

लोखंडी सांगाडे उभारणाऱ्यांची गरज नेमकी उलटी. अरुंद तुळईवरून चालताना हीलची उभी कड काठाला किंवा बोल्टला अडकली तर माणूस खाली जातो. म्हणून त्यांनी वेज सोल पसंत केला: मागे जाड, पुढे पातळ, मधे पोकळी नाही, तळ सपाट. पूर्ण तळवा टेकतो, वजन पसरतं, आणि सिमेंटच्या फरशीवर दिवसभर उभं राहायलाही तो बरा पडतो. तोटेही स्वच्छ आहेत. मऊ रबर लवकर झिजतं, चिखलात सपाट तळ पकड सोडतो, आणि शिडीच्या दांड्यावर अडकवायला हीलच नसते. शिडीवर सारखं चढणाऱ्याने वेज घेऊ नये. युरोपच्या सेफ्टी बुटांच्या मानकात 2022 पासून शिडीवरच्या पकडीसाठी ‘एलजी’ ही वेगळी खूण आली आहे.

आरामाचा शास्त्रीय विचार झाला तो सैन्यात, कारण पाय सोलवटलेला शिपाई कामाचा राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक जोडे सरळ फर्म्यावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर बनत. डावा-उजवा असा भेदच नसे. भेद आल्यावरही फर्मा निमुळता राहिला, बोटं एकमेकांवर चढत. अमेरिकी लष्करातले डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या मंडळाने सैनिकांची पावलं मोजून नवा फर्मा तयार केला, तो 1912 मध्ये लष्कराने स्वीकारला. आतली कड अंगठ्याच्या दिशेने जवळजवळ सरळ, बोटांपाशी रुंदी, आणि हील बेताची, बसकी. मोजमापाची त्यांची पद्धत तर आजही कुठल्याही दुकानापेक्षा सरस आहे. सैनिकाच्या पाठीवर 40 पौंडांचं ओझं, शरीराचा सगळा भार एका पायावर, आणि मग माप. अंगठ्यापुढे दोन-तृतीयांश इंच मोकळी जागा हवी. आपल्याकडे चालणाऱ्या इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे एक-तृतीयांश इंच, म्हणजे ही जागा पूर्ण दोन नंबरांची झाली. नवा बूट पायात घालून सुमारे अडीच इंच पाण्यात पाच मिनिटं उभं राहायचं, मग तासभर सपाट जमिनीवर चालत तो पायातच वाळू द्यायचा, असाही हुकूम होता. हे त्या काळच्या निखळ चामड्याला लागू होतं. आजच्या फोम आणि चिकटवलेल्या सुकतळ्याच्या बुटावर हा प्रयोग करू नका, तो उसवेल.

ब्रिटिशांचा लष्करी ‘अम्युनिशन बूट’ आपल्याकडे जास्त परिचयाचा. तळाला खिळे, हीलला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी नाल. कच्च्या रस्त्यावर तो झिजत नसे, पण गुळगुळीत फरशीवर घसरे आणि थंडीत लोखंडातून गारठा पायात चढे. 1958 पासून ब्रिटनमध्ये त्याची जागा थेट साच्यात ओतलेल्या रबरी सोलच्या बुटाने घेतली. इथून एक महत्त्वाचा फरक पडला. त्याआधीची हील चामड्याच्या थरांची, प्रत्येक थर सुमारे 6 मिमी, आणि जमिनीला टेकून झिजणारा शेवटचा थर म्हणजे टॉप. झिजला की मोची टॉप बदलायचा. ओतलेल्या सोलमध्ये हील आणि सोल एकच. झिजली की बूट संपला.

भारतात आज सेफ्टी शूजसाठी आयएस 15298 हे मानक आहे. त्याच्या भाग 2 मध्ये टोवर 200 जूलचा आघात झेलण्याची अट आहे. खाणकामगार आणि जड धातू उद्योगांसाठी आयएस 1989 वेगळं. हील किती ऊर्जा शोषते याचीही चाचणी असते (20 जूल), पण तुमच्या कामाला किती उंच हील सोयीची, हे बुटावरच्या ‘एस1’ किंवा ‘एस3’ या सुरक्षा-वर्गाच्या शिक्क्यावरून कळत नाही. ते स्वतः मोजावं लागतं.

मोजायचं असं. हीलच्या मागच्या बाजूला मधोमध जमिनीपासून हीलच्या वरच्या काठापर्यंत उंची घ्या, समजा 45 मिमी. चवड्याखालच्या सोलची जाडी घ्या, समजा 15. पायाला जाणवतो तो फरक 30 मिमीचा, 45 चा नव्हे. जाड सोलचा बूट उंच दिसला तरी फरक कमी असू शकतो. चाकण-भोसरीच्या शॉप फ्लोअरसारख्या सपाट काँक्रीटवर 10 ते 15 मिमी फरक पुष्कळ झाला. शिडी, स्कॅफोल्डिंग, ट्रकची पायरी असेल तर हीलला पुढे स्पष्ट उभी कड हवी, उंची बेताची चालेल. उतार, दगड आणि खांबावरच्या कामालाच 25-30 मिमी फरकाचा अर्थ आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या ठिकाणी फाउंड्रीत हीलच्या आधी लेस बघा: वितळलेला धातू लेसमध्ये अडकतो आणि बूट झटक्यात निघत नाही, म्हणून तिथे बिनलेसचा, पटकन काढता येणारा बूट.

फरक जास्त झाला की पाऊल पुढे सरकतं, बोटं स्टीलच्या टोपीला आपटतात, नखं काळी पडतात. लोक मग एक नंबर मोठा घेतात. त्याने टाच मागे उचलली जाऊ लागते आणि फोड येतात. उपाय नंबरात नाही, कमी हीलमध्ये किंवा लेस घोट्यापाशी घट्ट बांधण्यात आहे. नव्या ताठ बुटात टाच 5-6 मिमी उचलली जाणं चालतं, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. याउलट वर्षानुवर्षं उंच हील वापरलेल्याने एकदम सपाट बूट घातला तर आखडलेली पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. दोन-तीन आठवडे रोज थोडे तास वाढवत जावं. माप संध्याकाळी, कामाचेच मोजे घालून, दोन्ही पायांचं घ्यावं, आणि मोठ्या पायाचा नंबर धरावा.

मोच्याकडून हील वाढवून घेण्याचा मोह होतो. फर्मा मुळात एका ठरावीक हीलसाठी घडवलेला असतो. मागून 10 मिमी वाढवलं की पुढचा उचललेला भाग जमिनीला टेकतो, पाऊल टाकताना बूट डुलत नाही, आपटतो, आणि वजन शँकच्या पुढच्या टोकावर येऊन सोल तिथेच तडकतो. 3-4 मिमीच्या पुढे हात लावू नये. झिज मात्र वेळेत भरून घ्यावी: बाहेरच्या मागच्या कोपऱ्यातून हील 5 मिमी गेली की घोटा कलतो, आणि थरांपर्यंत झिज पोचली की टॉप बदलून भागत नाही. पीयूच्या (पॉलीयुरेथेनच्या) सोलचे बूट कोकणात, मुंबईत पावसाळाभर पिशवीत बांधून ठेवू नका. दमटपणाने पीयूचं विघटन होतं, आणि काही वर्षांनी न वापरलेला बूटसुद्धा पहिल्याच दिवशी हीलपासून भुगा होऊन सुटतो. साठवणीतला जोड घेताना आत छापलेला उत्पादनाचा महिना बघा आणि हीलची कड अंगठ्याने जोरात दाबा. चीर दिसली किंवा चिकट लागली तर तो जोड परत ठेवा.