पाटाच्या पाण्यावर जगणारी शहरं

कोपरगाव गोदावरीच्या काठावर वसलंय, पण शहराची तहान भागते येसगावच्या साठवण तलावांवर, आणि ते तलाव भरतात पाटाला आवर्तन सुटलं की, म्हणजे धरणातून कालव्यात ठरावीक पाळीचं पाणी सोडलं की. हे असं का, याचं उत्तर शंभर वर्षं मागे सापडतं.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. पुढे १९०१-०३ च्या सिंचन आयोगानंतर अवर्षणग्रस्त भागासाठी मोठ्या कामांना गती आली. दारणा धरण बांधलं गेलं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघाले. ते होते शेतीसाठी. शहरं तेव्हा लहान होती, आड-विहिरींवर भागायचं. मग पाटाकाठी ऊस आला, साखर कारखाने आले, वस्ती वाढली आणि नगरपालिका त्याच पाटाला येऊन बसल्या. येवल्याचं तेच, फक्त कालवा पालखेड धरणाचा. मनमाडलाही स्वतःचं वाघदर्डी धरण पुरेना, तेव्हा पालखेडचंच पाणी पाटोद्याहून उचलावं लागलं.

गोची इथेच आहे. पीक दोन पाळ्यांमधला खंड सोसतं. नळाला तो सोसत नाही. त्यामुळे तलाव केवढा हवा, हे लोकसंख्येइतकंच दोन आवर्तनांमधल्या दिवसांवर ठरतं. माणशी १०० लिटर धरले तर ५० हजार वस्तीला ६० दिवसांसाठी ३ लाख घनमीटर लागतात, म्हणजे पाच मीटर खोलीचं सुमारे १५ एकरांचं तळं. वर बाष्पीभवन आणि गळती वेगळी. उथळ, गाळाने भरलेल्या तळ्यात तर उन्हाळ्यात यातलं बरंचसं पाणी नळापर्यंत पोचतच नाही. जुने तलाव बांधताना हा हिशेब फारसा कुणी मांडलेला दिसत नाही. जागा मिळाली तेवढं खोदलं. नंतर वस्ती वाढत गेली, तलाव तेवढेच राहिले.

त्यात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर समन्यायी वाटप, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या-खालच्या धरणांत पाण्याची न्याय्य वाटणी, आलं आणि टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडणं बंधनकारक झालं. मराठवाड्याचा हक्क रास्तच, पण वरची आवर्तनं घटली की पहिला चटका या शहरांना बसतो. पिण्याला पहिला क्रम असल्याचं धोरणात लिहिलेलं आहे. पण नुसत्या पिण्यासाठी लांबलचक कालवा वाहता ठेवायचा तर वाटेतच किती तरी पाणी मुरतं.

कोपरगावच्या पाच नंबर तलावाची मागणी यातूनच उभी राहिली. त्याच्या खोदाईला हातभार लागला तो समृद्धी महामार्गाच्या भरावाला माती हवी होती म्हणून. मनमाडने मात्र करंजवण धरणातून थेट जलवाहिनीचा मार्ग धरला, म्हणजे पाटाची वाट बघणंच नको.