माशाच्या काट्यातून अँटिऑक्सिडंट पेप्टाइड : 10 किलोच्या बॅचसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून प्रोटिएज (प्रथिने तोडणारा) एन्झाइम आणि 30 लिटरचे, तापवायचे आवरण (जॅकेट) असलेले भांडे घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फिलेट किंवा सुरिमी (माशाच्या धुतलेल्या मांसाचा लगदा) काढल्यावर उरलेली मुंडकी, काटे आणि त्यांना चिकटलेले मांस आजही बहुतेक फिशमीलला जाते. राणी माशापासून सुरिमी करताना माशाच्या वजनाचा मोठा भाग असाच मागे राहतो. त्यात प्रथिने भरपूर असतात. ती योग्य ठिकाणी तोडली की दोन ते वीस अमिनो आम्लांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, मिळतात. अख्ख्या प्रथिनात आत दुमडून बसलेली हिस्टिडिन, टायरोसिन, मेथिओनिन यांसारखी अमिनो आम्ले या तुकड्यांत उघडी पडतात. ती मुक्त मूलकांना (तेल खराब करणाऱ्या अस्थिर रेणूंना) शांत करतात, तर काही पेप्टाइड लोह-तांब्याला बांधून ठेवतात. तेल खवट होण्याचा वेग त्यामुळे कमी होतो.

आधी माल, मग एन्झाइम

ग्राहकांचा पहिला प्रश्न असतो, एन्झाइम किती टाकायचा? आमच्या मते त्याआधीचा प्रश्न मोठा आहे : मासा बर्फात किती लवकर गेला?

बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात मोकळे हिस्टिडिन पुष्कळ असते. मासा उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. हिस्टामिन उकळून जात नाही. त्याचा रेणू अवघा 111 डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) असल्याने तो बारीकातल्या बारीक अल्ट्राफिल्टरमधूनही (रेणू आकाराने वेगळे करणाऱ्या पटलातूनही) पेप्टाइडसोबत पार होतो. हिशेब करून पाहा. किलोला 30 मिलिग्रॅम हिस्टामिन असलेला 10 किलो माल घेतला, तर एकूण 300 मिलिग्रॅम झाले. त्यातून शेवटी वाळवलेली पेप्टाइडची भुकटी निघते साधारण 1 किलो. थोडे गाळासोबत गेले तरी भुकटीत ते किलोला 200 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते, आणि कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) माशांसाठीची सुरक्षा मर्यादा नेमकी 200 आहे. कच्चा माल तपासणीत पास आणि भुकटी नापास, असे घडते ते यामुळेच. या माशांचा प्रत्येक लॉट घेण्यापूर्वी हिस्टामिनची चाचणी करा. राणी माशात हा धोका फारसा नाही, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही राणीचाच काटा सुचवतो.

दुसरा शत्रू रक्त. कल्ले, आतडी आणि कण्याला चिकटलेली काळी रक्ताची रेघ काढून टाका. रक्तातले लोह तेलाला खवट करते आणि आतड्यातले पाचक एन्झाइम आपल्या एन्झाइमच्या आधीच कामाला लागतात, त्यामुळे दोन बॅच सारख्या निघत नाहीत. खिमा दुप्पट बर्फाच्या पाण्यात एकदा धुऊन निथळा. थोडी विद्राव्य प्रथिने वाहून जातात, पण ते नुकसान परवडते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीसाठी काटा साठवायचा असेल तर धुऊन, हवा काढून पॅक करून उणे 18 अंशांच्या खाली ठेवा. पिवळट पडलेला काटा वापरू नका.

बॅच

5 मिलिमीटरच्या जाळीतून काढलेला खिमा 10 किलो, पाणी 10 लिटर. खिम्यात प्रथिने 15 टक्के धरली तर ती 1.5 किलो होतात. आकडा केल्डाल पद्धतीने (नायट्रोजन मोजून प्रथिन काढण्याची पद्धत) स्वतः काढून घ्या, कारण हाडाचे प्रमाण बदलले की तोही बदलतो. आमचा एन्झाइम बॅसिलस लिकेनिफॉर्मिस या जिवाणूपासून मिळणारा अल्कधर्मी प्रोटिएज आहे. प्रथिनाच्या 1 टक्का, म्हणजे 15 ग्रॅम घ्या.

मिश्रण ढवळत 50 अंशांवर आणा, 2 नॉर्मल (लिटरला 80 ग्रॅम) कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने पीएच 8.0 करा, आणि मगच एन्झाइम घाला. बंध तुटू लागले की पीएच खाली येतो. तो 8.0 वर धरून ठेवण्यासाठी लागणारा कॉस्टिकच हायड्रोलिसिस, म्हणजे प्रथिन तुटणे, किती झाला ते सांगतो. शंभरातले 15 पेप्टाइड बंध तोडायचे, तर 1.5 किलो प्रथिनाला 2 नॉर्मल कॉस्टिक सुमारे 860 मिलिलिटर लागतो. सुरुवातीला पीएच 8.0 करायला लागलेला कॉस्टिक यात धरायचा नाही. निम्म्याहून जास्त कॉस्टिक पहिल्या अर्ध्या तासात संपतो, मग वेग मंदावतो. दीड ते दोन तासांत 15 टक्के गाठले जातात.

इथे सर्वाधिक चुका पीएच मीटरमुळे होतात. मीटरच्या टोकाच्या काचेच्या गोळीवर माशाच्या चरबीचा पातळ थर बसतो आणि आकडा उशिरा हलतो. पीएच अजून 7.7 दिसतोय म्हणून माणूस कॉस्टिक ओतत राहतो, आणि दोन मिनिटांनी आकडा 8.8 वर जातो. दर वीस मिनिटांनी गोळी साबणाच्या कोमट पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा आणि पुसण्याऐवजी टिपा. कॉस्टिक धारेने ओतू नका, ढवळणीच्या पात्याजवळ थेंबाथेंबाने सोडा. एका जागी साचला तर तिथले प्रथिन जळल्यासारखे होते आणि वासही बिघडतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हे काम करू नये.

एन्झाइम टाकून दहा मिनिटे झाली तरी पीएच हलला नाही, तर आधी एन्झाइमची साठवण तपासा. तो 4 ते 8 अंशांत ठेवायचा असतो.

थांबवायचे कधी

जास्त तोडले की जास्त गुण, हा समज चुकीचा आहे. एका मर्यादेपुढे उपयोगी पेप्टाइडचेही तुकडे होतात आणि जलविरोधी टोके उघडी पडून भुकटी कडू होते. आम्ही 15 टक्क्यांवर थांबायला सांगतो. पण हीटर वाढवल्यावर लगेच एन्झाइम मरत नाही; 50 वरून 75 अंशांपर्यंत तापताना तो चालूच असतो. त्यामुळे 13 टक्क्यांवर, म्हणजे साधारण 745 मिलिलिटर कॉस्टिक गेल्यावर, तापवायला घ्या. भांड्याच्या मध्यभागी 95 अंश आल्यापासून 15 मिनिटे मोजा. जॅकेटचा तापमापक 95 दाखवत असताना मधला भाग बराच मागे असतो.

कडूपणा खपणार नसेल, उदाहरणार्थ सूपसाठी, तर 95 अंशांच्या टप्प्याआधी पीएच 7 करून अस्परजिलस ओरायझी या बुरशीपासूनचा एक्सोपेप्टिडेज एन्झाइम अर्धा तास चालवा. तो टोकाची अमिनो आम्ले सोडवून कडूपणा कमी करतो. पहिला एन्झाइमही तेव्हा चालूच असतो, म्हणून पहिला टप्पा 10 टक्क्यांवरच आवरा.

मिश्रण थंड करून 5000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 5000 पट) वर 20 मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. वर तेल, त्याखाली दुधाळ थर, मग पारदर्शक पिवळसर द्रव, तळाला हाडांचा गाळ. आपल्याला हवा तो फक्त पिवळसर द्रव. थोडे जास्त मिळावे म्हणून दुधाळ थर त्यात मिसळू नका. त्यातले तेल दोन महिन्यांत सगळी भुकटी खवट करते.

सूप किंवा खाद्यात वापरायचे असेल तर गाळणे एवढेच पुरे. सौंदर्यप्रसाधनासाठी लहान पेप्टाइड हवे असतील तर द्रव आधी 10 आणि मग 3 किलोडाल्टनच्या पटलातून काढा. थेट 3 वर गेलात तर पटल लवकर चोंदते. मीठही पार होणाऱ्या भागातच येते, हे लक्षात असू द्या. वरच्या बॅचमध्ये कॉस्टिकमधून सुमारे 40 ग्रॅम सोडियम येते, म्हणून लेबलवरचा सोडियमचा आकडा अंदाजाने लिहू नका.

चाचणी आणि साठवण

डीपीपीएच (जांभळ्या रंगाचे मुक्त मूलक) चाचणीत 517 नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते पाहतात. हे द्रावण अल्कोहोलमध्ये असते आणि मोठे पेप्टाइड त्यात गढूळ होतात. गढूळपणामुळे गुण कमी दिसतात. डीपीपीएच न घालता नमुन्याचा वेगळा ब्लँक घेतला नसेल तर तो अहवाल मानू नका. एबीटीएस (मुक्त मूलकांची दुसरी रंग-चाचणी) आणि लोह बांधण्याची चाचणीही करून घ्या. आयसी-50 चा (मूलके निम्मी शमवायला लागणाऱ्या प्रमाणाचा) आकडा जितका लहान तितका गुण जास्त, पण दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. माशाच्या हायड्रोलायसेटचा (एन्झाइमने तोडलेल्या प्रथिनाचा) आयसी-50 मिलिग्रॅममध्ये येतो, व्हिटॅमिन सी चा मायक्रोग्रॅममध्ये. नळीतल्या चाचणीवरून रोग बरा होण्याचा दावा करता येत नाही, तसा मजकूर पाकिटावर छापू नका. मासा हा ॲलर्जीकारक घटक म्हणून मात्र छापावाच लागतो. प्रथिन तुटले म्हणून ॲलर्जी संपते असे नाही.

द्रव वाळवून केलेली भुकटी हवेतले पाणी झपाट्याने ओढते. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिली की तिचे चिकट गोळे होतात. ओलावा 5 टक्क्यांखाली आणा, डीह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीत ॲल्युमिनियमच्या पाकिटात भरा, आणि एका वेळी लागेल तेवढेच पाकीट फोडा.

अडचण आली तर आम्हाला चार गोष्टी कळवा : माशाचे नाव व पकडल्यापासूनचा वेळ, खिम्यातले प्रथिन, दर दहा मिनिटांना गेलेला कॉस्टिक, आणि मध्यभागी 95 अंश यायला लागलेली मिनिटे. सोबत 50 मिलिलिटर द्रव गोठवून पाठवा.