यम-नियम

यम-नियम : पातंजल योगदर्शनातील अष्टांगांपैकी पहिली दोन अंगे. अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणे), ब्रह्मचर्य व अपरिग्रह (संग्रह न करणे) हे पाच यम (योगसूत्र २.३०) आणि शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान (ईश्वराला समर्पण) हे पाच नियम (२.३२) होत. यम हे इतरांशी होणाऱ्या व्यवहाराविषयीचे आणि नियम हे साधकाच्या स्वतःच्या आचाराविषयीचे, अशी विभागणी रूढ आहे. ती सोयीची असली, तरी ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह यांना नीटशी लागू पडत नाही.

जाती, देश, काल आणि समय (विशिष्ट प्रसंग वा संकेत) यांच्या मर्यादा न घालता पाळलेल्या यमांना सूत्रकार ‘सार्वभौम महाव्रत’ म्हणतो (२.३१). योगसूत्रांवरील व्यासभाष्यात या मर्यादा उदाहरणांनी स्पष्ट केल्या आहेत. केवळ माशांचीच हिंसा करणाऱ्या कोळ्याची अहिंसा जातीने मर्यादित होते. तीर्थस्थानी मारणार नाही हा निर्धार देशाने, चतुर्दशीला मारणार नाही हा काळाने, तर देव-ब्राह्मणांच्या कारणाखेरीज मारणार नाही हा समयाने मर्यादित होतो. योग्याला यांपैकी कोणतीच सवलत नाही, आणि देवकार्यासाठीची सवलतही नाकारली जावी, ही गोष्ट यमांच्या उगमाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या उगमाविषयी मतभेद आहेत. छांदोग्योपनिषदात (३.१७.४) तप, दान, आर्जव, अहिंसा आणि सत्यवचन यांचा एकत्र उल्लेख येतो; त्याआधारे काही अभ्यासक यमांचे मूळ वैदिक परंपरेत शोधतात. बौद्ध पंचशीलातील पहिली चार शीले यमांशी बरीच जुळतात, मात्र पाचवे मद्यपानाच्या वर्जनाचे आहे. जैनांच्या पाच महाव्रतांशी असलेले साम्य याहून निकटचे आहे : व्रते तीच, तत्त्वार्थसूत्रातील त्यांचा क्रमही तोच आणि ‘महाव्रत’ ही संज्ञाही समान. जैन तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या परंपरेतील ‘चातुर्याम’ (चार व्रतांच्या) धर्माच्या नावातही ‘याम’ हा शब्द आहे. हे सारे पाहता यम हा श्रमण (वैदिक यज्ञपरंपरेबाहेरील बौद्ध, जैन इ. संन्यासमार्गी) परंपरांचा सामायिक वारसा असावा, हे मत अधिक संभाव्य वाटते. प्रत्यक्ष उसनवारी झाली असे ठामपणे म्हणणे मात्र कठीण आहे, कारण योगसूत्रांचा काळच निश्चित नाही. महाभाष्य हा व्याकरणग्रंथ लिहिणारा पतंजली हाच सूत्रकार मानल्यास हा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातो. अलीकडचे बहुतेक संशोधक तो इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास ठेवतात, आणि सूत्रे व व्यासभाष्य ही एकाच ग्रंथकाराची कृती असावी, असेही त्यांपैकी काहींचे मत आहे.

भाष्यानुसार इतर सर्व यम-नियमांचे मूळ अहिंसेत आहे. प्राण्यांच्या घाताला कारण होणारे वचन सत्यासारखे भासले, तरी ते सत्य नव्हे. हिंसा स्वतः केलेली, करवलेली वा अनुमोदलेली असते. ती लोभ, क्रोध वा मोह यांतून उद्भवते. आणि मृदू, मध्य व तीव्र या श्रेणींचे पुन्हा तीन-तीन पोटभेद करून भाष्यकार हिंसेचे ८१ प्रकार मोजतो. असे विचार मनात उठल्यास उपाय ‘प्रतिपक्षभावना’ हा सांगितला आहे (२.३३) : सर्व प्राण्यांना अभय देऊन योगमार्ग धरल्यावर टाकलेले पुन्हा घेणारा मी ओकारी चाटणाऱ्या कुत्र्यासारखा आहे, असे साधकाने चिंतावे.

नियमांपैकी तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या तिघांनाच योगसूत्रांच्या याच दुसऱ्या पादाच्या (प्रकरणाच्या) आरंभी ‘क्रियायोग’ म्हटले आहे (२.१). या पुनरुक्तीवरून क्रियायोग आणि अष्टांगयोग ही मुळात निराळी प्रकरणे असावीत, असा तर्क केला जातो. आसन, प्राणायाम आणि प्रत्याहार ही अंगे यम-नियमांसह बहिरंग साधनांत मोडतात, आसनाला तर सूत्रकाराने अवघी तीन सूत्रे दिली आहेत (२.४६–४८). धारणा, ध्यान आणि समाधी ही अंतरंग साधने असून ती एकाच विषयावर एकवटली म्हणजे त्यांना ‘संयम’ म्हणतात.

ही गणना सर्वत्र एकच नाही. मैत्री उपनिषदातील षडंग योगात यम-नियम मुळीच नाहीत. उलट योगयाज्ञवल्क्य या ग्रंथात यम आणि नियम प्रत्येकी दहा आहेत. तेथे दया, आर्जव, क्षमा, धृती व मिताहार यांची यमांत भर पडली असून शौच नियमांतून यमांत आले आहे आणि अपरिग्रह वगळला गेला आहे.