मॉडेल वेगळं, गाईड वेगळं: जबड्याच्या ऑपरेशनमधल्या दोन थ्रीडी प्रिंट

नागपुरात तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की खर्र्याचं नाव टाळता येत नाही. पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घासून पानठेल्यावर मिळणारा हा माल वर्षानुवर्षं गालात धरलेला माणूस मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, किंवा धंतोलीतल्या एखाद्या दवाखान्यात पोचतो, तोवर बरेचदा गाठ खालच्या जबड्याच्या हाडाला लागलेली असते. मग तेवढं हाड काढायचं आणि पायातलं हाड आणून जबडा पुन्हा उभा करायचा, असं मोठं ऑपरेशन ठरतं. नातेवाइकांच्या कानावर 'थ्रीडी प्रिंट' हे शब्द पडतात ते इथेच. कुणी सांगतं मॉडेल बनवलंय, कुणी सांगतं गाईड बनवलंय. दोन्ही त्याच सीटी स्कॅनमधून निघतात, कधी कधी तर एकाच मशीनवर, त्यामुळे घरच्यांना ती एकच वस्तू वाटते. प्रत्यक्षात मॉडेल बघण्यासाठी असतं आणि गाईडच्या खाचेतून करवत चालते.

सुरुवात मात्र दोघांची सारखीच. सीटी म्हणजे शरीराचे पातळ काप. ते एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतील तर हाडाचा आकार नीट उतरतो, जाड असतील तर छापलेल्या जबड्यावर जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो: पाणी 0, हवा उणे 1000, हाड काहीशे आणि त्याच्याही वर. सॉफ्टवेअर एक सीमा धरून त्यावरचं सगळं हाड समजतं. गडबड होते ती इथेच. दाढेत चांदी भरलेली असेल किंवा धातूची कॅप असेल, तर स्कॅनमध्ये पांढऱ्या रेघांचा पिसारा फुटतो आणि तो एकेका कापावर हातानं पुसत बसावं लागतं. उलट डोळ्याच्या खोबणीखालचं हाड इतकं पातळ असतं की ते त्या सीमेखाली जातं आणि मॉडेलमध्ये तिथे चक्क भोक पडतं, रुग्णाच्या चेहऱ्यात तसं भोक नसतानाही.

मॉडेलमधली अशी चूक बहुतेक वेळा निभावते. अनुभवी सर्जन ते भोक बघून ओळखतो की हा स्कॅनचा खेळ आहे. मॉडेल हातात घेऊन तो गाठ कुठवर गेली ते बघतो, शिकाऊ डॉक्टरांना दाखवतो, घरच्यांना समजावतो. 'हाड काढणार' हे ऐकून गप्प बसलेले लोक मॉडेल हातात आल्यावर प्रश्न विचारू लागतात, आणि निव्वळ त्यासाठीसुद्धा ते छापावं असं माझं मत आहे. पीएलए नावाच्या स्वस्त प्लास्टिकमध्येही ते चालून जातं. फक्त मे महिन्यात बंद कारच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पीएलए साधारण 60 अंशाला मऊ पडतं आणि आपल्या उन्हात डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो.

त्याच कारणानं पीएलएचं गाईड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टिकणार नाही. तिथे वाफ 121 किंवा 134 अंशांची असते. गाईड उघड्या जखमेत हाडाला टेकतं, म्हणून त्याला शरीराला चालणारं आणि निर्जंतुक करता येणारं रेझिन किंवा नायलॉन लागतं.

गाईड म्हणजे सुताराचा फर्मा. जबड्यासाठी एक, पायासाठी दुसरं. पायातलं हाड म्हणजे फिब्युला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बाहेरच्या बाजूनं जाणारं बारीक, सरळ हाड. घोटा आणि गुडघा डळमळू नये म्हणून दोन्ही टोकांना साधारण सहा-सहा सेंटिमीटर शिल्लक ठेवून मधला भाग घेतात. आता सरळ हाडाला जबड्याचं वळण द्यायचं म्हणजे मधून पाचरी काढायच्या, आणि प्रत्येक पाचरीचा कोन अचूक हवा. गाईडची आतली बाजू त्या रुग्णाच्या हाडाच्या उंचसखलपणावरून घडवलेली असते, त्यामुळे ते ठरल्या जागीच घट्ट बसतं. त्यात करवतीच्या पात्यापुरती अरुंद खाच असते आणि स्क्रूची भोकं असतात. बऱ्याच आखणीत तीच भोकं पुढे हाडाचे तुकडे धरून ठेवणारी प्लेट बसवायलाही वापरतात. रक्तवाहिनी पायाला जोडलेली असतानाच हाडाचे तुकडे तयार करता येतात, म्हणून हाड रक्ताविना राहण्याचा वेळ कमी होतो.

गाईडमध्ये चूक राहिली तर ती सरळ हाडात उतरते. मऊ ऊतीचा एखादा पापुद्रा मध्ये राहून गाईड जरासं उचललं गेलं, तरी कोन बिघडतो.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. जबड्याची निरोगी बाजू कॉम्प्युटरवर आरशासारखी उलटवायची, पूर्ण जबडा छापायचा आणि टायटॅनियमची प्लेट ऑपरेशनच्या आधीच त्यावर वाकवून घ्यायची. ऑपरेशन थिएटरमधला वेळ वाचतो आणि प्लेट पुन्हा पुन्हा वाकवून कमजोरही होत नाही. गाईडचा खर्च झेपत नसेल तिथे मॉडेल आणि अशी प्लेट ही जोडी पुष्कळ काम भागवते. पायाच्या हाडाचे कोन मात्र सर्जनला स्वतःच्या नजरेवर धरावे लागतात.

एस्टिमेटमध्ये नुसतं 'थ्रीडी प्रिंट' लिहिलं असेल तर दोन्हींपैकी नेमकं काय, ते विचारावं. गाईड असेल तर ज्या स्कॅनवरून ते बनलं त्याची तारीखही विचारावी, कारण गाठ वाढत असते. ऑपरेशन लांबलं आणि गाठ खाचेच्या रेषेपर्यंत सरकली, तर ते गाईड बाजूला ठेवून आणखी पुढून कापावं लागतं. मग आधी आखलेले पायाच्या हाडाचे तुकडेही आखूड पडतात. अशा वेळी नवा सीटी काढून आखणी पुन्हा करतात, किंवा सर्जन हातानंच मोजून कापतो.