गोळीचा वेग आणि गोळीची फिरकी: ग्रुप नक्की कशाने फुटतो?

देवळालीच्या फायरिंग रेंजवर 155 मि.मी. तोफेचा गोळा सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 800 मीटरच्या आसपास जाऊ शकतो. नोव्हेंबर 2018 मध्ये तिथेच लष्करात दाखल झालेल्या एम-777 तोफेच्या बॅरलमधले रायफलिंगचे आटे (गोळ्याला फिरवणारे पिळदार खाचे) साधारण 3.1 मीटरला एक पूर्ण वेढा घेतात. हिशेब केला तर गोळा मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेत बाहेर पडतो. आता .30 कॅलिबरची, म्हणजे 0.30 इंच व्यासाच्या नळीची रायफल घ्या. तिची शिशाची ओतीव गोळी सेकंदाला 600 मीटरने सुटते, म्हणजे तोफेच्या गोळ्यापेक्षा बरीच सावकाश. पण आटे दर 10 इंचाला एक वेढा घेत असल्याने ही गोळी मिनिटाला सुमारे 1,41,700 फेरे मारते. वेग कमी, आणि फिरकी नऊपट.

रायफलवाल्यांच्या गप्पांत या दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते. ग्रुप म्हणजे निशाणावर एकत्र पडलेल्या भोकांचा पुंजका; भोकं विखुरली की ग्रुप फुटला. ‘काडतूस फास्ट होतं म्हणून ग्रुप फुटला’ असं एक जण म्हणतो, ‘गोळी जास्त फिरली म्हणून’ असं दुसरा म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकच गोष्ट बोलतोय. गोंधळ होणं साहजिक आहे. एकाच बॅरलमध्ये ट्विस्ट, म्हणजे आट्यांच्या एका पूर्ण वेढ्याची लांबी, बदलत नाही, त्यामुळे वेग वाढला की फिरकी त्याच प्रमाणात वाढते. सेकंदाच्या मीटरना ट्विस्टच्या मीटरने भागा आणि 60 ने गुणा, झाली मिनिटाची फिरकी. दोन्ही आकडे हातात हात घालून वर चढतात, मग दोषी कोण ते कसं कळणार?

हा वाद सर्वांत जोरात रंगतो तो ओतीव गोळ्यांवर, आणि तोही मुख्यतः अमेरिकेत, कारण तिथे लोक घरी शिसं वितळवून गोळ्या ओततात आणि काडतुसं भरतात. आपल्याकडे तसं नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा व्हिडिओ बघून नाशकात कुणी साचा मागवायच्या फंदात पडू नये. मग हे वाचायचं कशाला? कारण तुम्ही 50 मीटरला .22 मारत असाल तर तुमचीही गोळी बिनजॅकेटची (वर कठीण धातूचं आवरण नसलेली), शिशाचीच असते, आणि तिलाही हेच नियम लागू आहेत.

ओतीव गोळीवाल्यांचा अनुभव असा. सेकंदाला 500 मीटरपर्यंत ग्रुप झकास येतो. 550 च्या पुढे तो सैल पडायला लागतो आणि 600 च्या आसपास गोळ्या वाटेल तिथे जातात. यावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, शिसं इतका वेग सोसत नाही. दुसरा म्हणतो, वेगाचा संबंध नाही, फिरकी मिनिटाला 1,20,000 ते 1,40,000 च्या पट्ट्यात शिरली की ओतीव गोळी बिघडते. पुरावा म्हणून ते दाखवतात की 14 इंचाच्या ट्विस्टच्या बॅरलमधून तीच गोळी त्याच 600 च्या वेगाने ठीक जाते, कारण तिथे फिरकी 1,01,000 च्या घरातच राहते. पुरावा खरा आहे. निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो.

आधी वेगाची बाजू. गोळीला वेग नुसता चिकटत नाही, तो दाबातून येतो, आणि सगळी नासधूस दाब करतो. पुंगळीतून सुटलेली गोळी काही मिलिमीटर पुढे सरकते आणि आट्यांच्या तोंडात घुसते. तिथे तिला एकाच क्षणी तीन गोष्टी करायच्या असतात: आट्यांचे खाचे अंगावर उमटवून घ्यायचे, सरळ जाता जाता एकदम फिरायला लागायचं, आणि मागून येणारा तप्त वायू अडवून धरायचा. दाब फार झटकन चढला की मऊ गोळी दबून आखूड होते, तिचं नाक एका बाजूला झुकतं, किंवा ती आट्यांत नीट न वळता थोडी घसरत पुढे जाते. घसरलेली गोळी मातीच्या बांधातून शोधून पाहिली तर खाच पुढच्या टोकाला रुंद आणि मागे अरुंद दिसते. मागून वायू निसटला तर तो शिसं कापत जातो आणि बॅरलमध्ये शिशाचा थर बसतो, मग पुढची प्रत्येक गोळी वेगळ्याच नळीतून गेल्यासारखी जाते.

यावरचे उपायसुद्धा सगळे दाबावरचे आणि बसवणुकीवरचे आहेत. नुसत्या शिशाऐवजी मिश्रधातू घेतात. लायनोटाइपच्या छपाईचा धातू, म्हणजे 84 टक्के शिसं, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील, हा त्यातला जुना लाडका. ब्रिनेल कठीणपणा शुद्ध शिशाचा 5 च्या आसपास, तर याचा 22 च्या. गोळी खाचांच्या व्यासापेक्षा शतांश मिलिमीटरांत मोठी ठेवतात, म्हणजे वायूला फट मिळत नाही. बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवतात, तिला गॅस चेक म्हणतात. हे नाव तोफांच्याच घराण्यातलं: ब्रिटिशांच्या तोंडाकडून भरायच्या रायफल तोफांमध्ये 1870 च्या दशकात गोळ्याच्या बुडाला तांब्याची गॅस चेक लावू लागले. त्याआधी, 1850 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आर्मस्ट्राँग तोफेच्या गोळ्यांवर शिशाचंच आवरण असे. पुढे तोफखान्याने शिसं सोडलं आणि गोळ्याभोवती तांब्याचा पट्टा आणला. आजही आट्यांत घुसतो तो पट्टाच, पोलादी अंग आट्यांना लागत नाही. रायफलवाले हौशी मात्र शिशावर अडून बसले, आणि म्हणून हा सगळा खटाटोप.

आता फिरकी. इथे थोडं गणित आहे, पण कामाचं आहे. बॅरलमध्ये असताना गोळी बॅरलच्या अक्षाभोवती फिरते, कारण भिंती तिला दुसरीकडे जाऊ देत नाहीत. तिचा गुरुत्वमध्य या अक्षावर नसेल, आत हवेचा बुडबुडा असेल, बूड तिरकं असेल किंवा नाक झुकलं असेल, तर तो मध्य अक्षाभोवती चिमुकलं वर्तुळ काढत येतो. तोंडाशी भिंती संपल्या की गुरुत्वमध्य त्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेत निघून जातो, गोफणीतून दगड सुटावा तसा. म्हणजे गोळी थोडीशी आडवी फेकली जाते.

किती आडवी? गुरुत्वमध्य 0.01 मि.मी. बाजूला आहे असं धरू. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरसाठी दहा मायक्रॉन म्हणजे रोजचा हिशेब. 10 इंच ट्विस्टला ही गोळी 100 मीटरवर सुमारे 25 मि.मी. सरकते, 14 इंचाला सुमारे 18. तुमच्या .22 ला ट्विस्ट 16 इंच असतो. तिथे 50 मीटरवर सरकणं पावणेआठ मिलिमीटरच्या आसपास येतं. 50 मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ 10.4 मि.मी. व्यासाचं आणि गोळी 5.6 मि.मी.ची, म्हणजे मधोमध धरलेला शॉट दहाच्या रेषेला बाहेरून जेमतेम शिवतो. पकड, श्वास, ट्रिगर सगळं बिनचूक असतानाही.

आणि यातली गंमत अशी की या हिशेबात वेग येतच नाही. वेग दुप्पट झाला तर आडवी फेक दुप्पट होते, पण गोळी निशाणापर्यंत निम्म्या वेळात पोचते, त्यामुळे निशाणावर सरकणं तेवढंच. ते ठरतं फक्त दोन गोष्टींवर: गोळी किती असंतुलित आहे आणि आटे किती दाट आहेत. म्हणून ‘मिनिटाला एवढे फेरे’ ही मर्यादा मला नेहमी बिनबुडाची वाटत आली आहे. जॅकेटची .30-06 गोळी सेकंदाला 850 मीटरने 10 इंच ट्विस्टमधून मिनिटाला दोन लाख फेरे घेत जाते आणि सुरेख ग्रुप देते. फिरकीच गुन्हेगार असती तर तिचं काय झालं असतं? फार मऊ शिसं असेल तर गोष्ट वेगळी. 1,41,700 फेऱ्यांना .30 गोळीची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते, त्या ताणाला शुद्ध शिसं टिकेल असं समजू नये. पण कठीण मिश्रधातूला तो ताण फार नाही.

तेव्हा माझ्या मते क्रम असा आहे. दाब बॅरलच्या पहिल्या काही सेंटिमीटरांत गोळी बिघडवतो, आणि तो बिघाड निशाणावर किती मोठा दिसणार हे ट्विस्ट ठरवतो. फिरकीवाल्यांना 14 इंचात सुख मिळतं कारण तोच बिघाड तिथे सुमारे साडेअठ्ठावीस टक्के लहान दिसतो. वेगवाल्यांना पावडर (काडतुसातली दारू) बदलून सुख मिळतं कारण दाब हळू चढला की बिघाडच कमी होतो, वेग आणि फिरकी दोन्ही तेवढीच राहून. हा दुसरा मुद्दा मला जास्त बोलका वाटतो. क्रोनोग्राफवरचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

मग .30 रायफलींना इतका दाट ट्विस्ट दिलाच कशाला? लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते. वूलिचच्या लष्करी अकादमीत शिकवणारे ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये तोफगोळ्यांसाठी सोपं सूत्र दिलं: 150 ला व्यासाच्या वर्गाने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. .308 इंच व्यासाची, एक इंच लांबीची गोळी धरली तर उत्तर 14 इंचाच्या आसपास येतं. पण अमेरिकी लष्कराची मूळ .30 गोळी 220 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लांबलचक होती, म्हणून 10 इंच. 1906 मध्ये 150 ग्रेनची आखूड गोळी आली तरी ट्विस्ट तोच राहिला. ओतीव गोळीवाले त्याच जुन्या निर्णयाचं भाडं आजही भरतायत.

निशाणावरचे दोष ओळखताना पाच शॉटवर निकाल देऊ नका. ग्रुप 50 मीटरवर जेवढा, 100 वर साधारण दुप्पट, आणि भोकं गोल असतील तर असंतुलनाचा संशय घ्या. दुप्पटीपेक्षा बराच जास्त आणि भोकं लांबट असतील तर गोळी डोलतेय, फिरकी कमी पडतेय. ग्रुप फक्त उभा ताणलेला असेल तर प्रत्येक काडतुसाचा वेग वेगळा आहे. काही हौशी साच्यात गोळीवर खूण पाडतात आणि प्रत्येक काडतूस ती खूण वर ठेवून चेंबरमध्ये घालतात. असंतुलन मग तसंच राहतं, पण दर वेळी एकाच दिशेला फेकलं जातं. ग्रुप सरकतो, फुटत नाही, आणि सरकलेला ग्रुप साइटच्या दोन क्लिकमध्ये जागेवर येतो.

.22 च्या डब्यावर ‘हाय व्हेलॉसिटी’ वाचून कुणी सांगितलं की फिरकी वाढल्याने ग्रुप बिघडतो, तर आता उत्तर द्यायला सोपं आहे. 325 वरून 380 मीटरला गेल्यावर फेरे 48,000 वरून 56,000 होतात आणि तेवढ्याने आडवी फेक निशाणावर वाढत नाही. ती काडतुसं मागे पडतात ती दुसऱ्या कारणांनी: ध्वनीच्या वेगाच्या वरून निघून वाटेत त्याच्या खाली येताना गोळीला धक्के बसतात, आणि मॅचच्या गोळीएवढी निगुतीने ती बहुधा बनवलेली नसते. त्यामुळे डबा घेताना वेग पाहण्याऐवजी दोन-तीन वेगवेगळ्या लॉटचे (उत्पादनाच्या खेपांचे) डबे मागा, आधी काही शॉट मारून बॅरल गरम करून दहा-दहाचे ग्रुप काढा, आणि तुमच्या बॅरलला जो लॉट मानवेल तो पुढच्या स्पर्धेपुरता उचलून ठेवा.