चिर्चेओच्या कड्यावरची पाण्याची रेघ

मे २०२१ मध्ये इटलीतून बातमी आली की मोंते चिर्चेओवरच्या ग्वात्तारी गुहेत आणखी नऊ निअँडरथल मानवांचे अवशेष सापडले. माझ्यापर्यंत ती पोचली तेव्हा तिला ‘नरभक्षकांची गुहा’ असं शेपूट लागलेलं होतं. हे शेपूट ऐंशी वर्षांहून जुनं आहे आणि ते कापायला हवं.

मोंते चिर्चेओ म्हणजे रोमपासून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात घुसलेलं ५४१ मीटर उंचीचं चुनखडीचं भूशिर. ग्वात्तारी गुहेचं तोंड दरड कोसळून बुजलं होतं, ते जवळजवळ पन्नास हजार वर्षं तसंच राहिलं. फेब्रुवारी १९३९ मध्ये मजुरांना ती अचानक सापडली. आत एक निअँडरथल कवटी होती, तळाशी फुटलेली. अभ्यासक आल्बेर्तो कार्लो ब्लांक यांना तिच्याभोवती दगडांचं कडं दिसलं आणि त्यांनी निष्कर्ष काढला की मेंदू काढून खाण्याचा हा विधी असणार. पुढे पन्नासेक वर्षांनी हाडं पुन्हा बारकाईने तपासली, तर दगडी हत्याराने कापल्याची एकही खूण नाही. होत्या त्या चावल्या-कुरतडल्याच्या खुणा. गुहा तरसांचं घर होती! बाहेरून ओढून आणलेल्या शिकारीत आणि मढ्यांत माणसंही होती, एवढंच. दगड गुहेत सगळीकडेच पडलेले असतात. कडं आपल्या डोळ्यांनी जोडलं.

मला मात्र या भूशिरावरचं सगळ्यात विलक्षण काही वाटत असेल, तर ती कवटी नव्हे, कड्यावरची एक आडवी खाच. आजच्या पाण्याच्या कितीतरी वर, कोणी पटाशीने कोरावी तशी.

समुद्र चुनखडी विरघळवतो आणि खाच पडते, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शिअम कार्बोनेट आधीच संपृक्ततेच्या पलीकडे गेलेलं असतं; आणखी विरघळवून घ्यायला ते पाणी फारसं राजी नसतं. खडकाच्या डबक्यांत रात्री जीवांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाणी किंचित आम्ल होतं, तेवढ्यापुरतं थोडं काम होतं. गोडं पाणी झिरपत असेल तिथे जास्त. बाकी बहुतेक कोरीवकाम सजीवांचं. नीलहरित जिवाणू खडकाच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म बोगदे पाडतात. त्यांना खायला टोपीसारख्या कवचाच्या गोगलगायी आणि कायटन, म्हणजे पाठीवर आठ पट्ट्यांचं कवच असलेले खडकाला चिकटून राहणारे मृदुकाय प्राणी, येतात आणि खडकासकट खरवडून खातात. कायटनच्या दातांवर मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज. चुनखडीची त्यापुढे काय टाप! तरी वेग किती, तर वर्षाला मिलिमीटरपेक्षाही कमी.

एवढ्या संथ कामाची खाच व्हायची तर पाण्याने एकाच पातळीवर टिकून राहायला हवं. इथे भूमध्य समुद्राचा स्वभाव कामी येतो. इथल्या भरती-ओहोटीत फरक जेमतेम दीड-दोन विती. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तिथे झीज एवढ्या उंचीत पसरली की रेघ पुसटच व्हायची. चिर्चेओला ती अरुंद पट्ट्यात साचते. खाचेचं छत भरतीजवळ, तळ ओहोटीजवळ आणि सगळ्यात खोल भाग साधारण सरासरी समुद्रपातळीवर. थोडक्यात, खडकात कोरलेली मोजपट्टी.

खाचेसोबत बोटाएवढी भोकंही दिसतात. ती लिथोफागा नावाच्या शिंपल्याची. गोव्यात ज्यांना शिणाण्यो म्हणतात त्यांच्याच कुळातला. इटालियन लोक त्याला ‘समुद्राचा खजूर’ म्हणतात. तो यांत्रिक ताकदीने नाही, तर स्राव सोडून चुनखडी मऊ करत आत शिरतो. मग त्याचं स्वतःचं चुन्याचंच कवच का विरघळत नाही? कवचावर तपकिरी सेंद्रिय आवरण असतं, खजुराचा रंग त्याचाच. हा प्राणी पाण्याबाहेर जगत नाही. म्हणून त्याची भोकं हवेत दिसली की दोनच शक्यता: जमीन वर आली किंवा पाणी खाली गेलं.

चिर्चेओचा किनारा तुलनेने स्थिर, म्हणून दुसरी शक्यता धरतात. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात जगभर समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर वर होता. ग्वात्तारी गुहेच्या अगदी तळाशी त्याच समुद्राच्या पुळणीचे थर आहेत. पुढे बर्फ वाढलं, समुद्र कित्येक मीटर खाली उतरला आणि कड्यापुढे मैदान उघडं पडलं. त्यावर हरणं, रानबैल, हत्ती आणि अर्थात तरसं. नव्याने सापडलेल्या नऊपैकी बहुतेक निअँडरथल या काळातले, ५० ते ६८ हजार वर्षांपूर्वीचे. एक मात्र ९० हजार वर्षांहून जुना.

ग्रीकांनी हीच चेटकीण सर्सीची जागा मानली. अडचण एवढीच की होमरने तिला बेटावर बसवलं होतं. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय की हे पूर्वी बेट होतं आणि नद्यांच्या गाळाने जमिनीला जोडलं गेलं, असं लोक सांगतात. गाळाचा विचार चुकीचा नाही. पण मला त्याहून साधं कारण दिसतं. मागचं पॉन्टीन मैदान इतकं सखल की वीस किलोमीटरवर होडीत बसलेल्या खलाशाला पृथ्वीच्या गोलाईमुळे ते दिसतच नाही. साधारण पंधरा मीटर उंचीपर्यंतचं सगळं क्षितिजाआड जातं. डोंगर तेवढा उरतो. बेट, नाहीतर काय? डोंगराच्या कडेत सर्सीचा निजलेला चेहरा शोधणं आजही चालू आहे, त्यात मी पडत नाही.

कड्याच्या पायथ्याशी आजही खरवडणं चालूच आहे. पण १९९३ पासून जगभरात समुद्र सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरहून जास्त वेगाने वर येतोय. गोगलगायी एक मिलिमीटर कोरायच्या आत पाणी तिथून पुढे सरकलेलं असतं.